चौथ्याआधी पाचवं रीळ

आमच्या टीव्ही केंद्रात रविवारी दुपारी दोनची वेळ कोणालाच नको असायची. जेवून लोक लवंडलेले असतात, टीव्ही चालू असलाच तर तो घोरण्याला साथ म्हणून. जाहिरातवाले त्या वेळेकडे ढुंकून बघत नसत. म्हणूनच ती बॅटरीवाल्या काकांच्या वाट्याला आली. आणि दोन-तीन महिन्यांत अशी पाळी आली की रविवारी दोननंतर कोणाच्या घरी फोन केला, तर पलीकडचा माणूस 'आग लागलीय का कुठे?' एवढंच विचारून फोन ठेवून द्यायचा.

काका मूळचे थेटरातले डोअरकीपर. हातात बॅटरी घेऊन बावीस वर्षं दारात उभे राहिलेले. थेटर बंद पडलं तेव्हा तिथली जुनी पोस्टरं द्यायला ते आमच्या केंद्रात आले आणि स्वागतकक्षातल्या मुलीला एका पडेल सिनेमाची गोष्ट सांगायला लागले. तासाभराने साहेब खाली ओरडायला आले, कारण कोणी फोनच उचलत नव्हतं. ओरडायचं विसरून तेही ऐकत उभे राहिले. साहेबांनी आयुष्यात जी दोन-तीन शहाणपणाची कामं केली त्यातलं एक म्हणजे त्यांनी काकांना तिथल्या तिथे विचारलं, हेच कॅमेऱ्यासमोर सांगाल का.

कार्यक्रम साधा होता. दर वर्षी बारा रविवारांचा एक सीझन. बारा सिनेमे, सगळे पडलेले, विसरलेले, विचित्र, कोणी वेडाच्या भरात काढलेले. काका थेटराच्या भंगारातून आणलेल्या एका खुर्चीत बसायचे. मेकअप नाही, लिहून आणलेलं काही नाही. 'ज्या सिनेमातून लोक उठून गेले, तो मी उभ्याने बघितलाय,' अशी त्यांची सुरुवात असायची. मग ते सांगायचे की पहिली वीस मिनिटं कंटाळा येईल, येऊ द्या. अमुक गाण्याला उठून चहा टाकलात तरी चालेल, पण ती बाई खिडकी लावून घेते तिथे मात्र जागचे हलू नका. सिनेमा संपला की पुन्हा यायचे, पंधरा मिनिटं लोकांचे फोन घ्यायचे, त्यांच्याशी भांडायचे आणि नमस्कार करून उठायचे.

लोक मला विचारायचे, एवढं काय आहे त्यात? मी त्यांना सांगायची, यातलाच एखादा सिनेमा कॅसेट आणून एकट्याने बघा. अर्ध्या तासात झोप लागेल. तोच काकांनी हाताला धरून दाखवला की शेवटपर्यंत बघवतो. आणि त्याच वेळी अख्खं गाव तो बघतंय हे ठाऊक असतं. सोमवारी बँकेच्या रांगेत दोन अनोळखी माणसं त्या खिडकी लावणाऱ्या बाईवरून हमरीतुमरीवर यायची. मला काकांबद्दल आदर होता असं म्हणणं फार कमी आहे. मी त्यांची भक्त होते, आणि माझ्यासारख्या खडूस बाईने हे कबूल करायचं म्हणजे बघा.

मी त्या केंद्रात फिल्म तपासनीस. प्रक्षेपणाआधी प्रत्येक सिनेमा माझ्या टेबलावरून जायचा. पांढरा हातमोजा घालून फिल्म बोटांतून सोडायची, कडेची भोकं फाटली असतील तिथे जोड द्यायचा, वेळ मोजायची. रिळाच्या सुरुवातीला एक कोरी पट्टी असते, तिच्यावर रिळाचा नंबर असतो. ती झिजलेली असली की नवी पट्टी जोडून नंबर पुन्हा लिहायचा. काम डोळ्यात तेल घालून करायचं, आणि एक नियम कधी मोडायचा नाही: एका वेळी एकच डबा उघडायचा. हा नियम मी प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगते. तो मोडला तर काय होतं, ते मात्र परवापर्यंत मलाच माहीत नव्हतं.

पहिल्या सीझनचा शेवटचा सिनेमा काकांनी हट्टाने मागवला होता. एका चष्मेवाल्याने काढलेला. चष्मेवाला म्हणजे खरोखरच चष्म्याच्या काचा घासणारा माणूस. आयुष्यात त्याने एकच सिनेमा काढला, तो काकांच्या थेटरात तीन दिवस चालला, आणि माणूस पुन्हा दुकानात जाऊन काचा घासायला लागला. गोष्ट अशी: शिवणयंत्रं दुरुस्त करणाऱ्या एका माणसाची बायको घर सोडून जाते. तो तिला शोधतो. ती सापडते, पण दार उघडत नाही. बंद दारातून दोघं बोलतात. मग तो घरी परत येतो आणि सिनेमा संपतो. एकूण सहा रिळं.

काकांना हा सिनेमा हवा होता, कारण तो त्यांनी धड बघितलाच नव्हता. मधल्या भागात लोक उठून जायला लागले की दार उघडून देण्याचं काम त्यांचंच. तीन दिवसांचे सगळे खेळ मिळून त्यांनी सुरुवात बघितली होती, शेवट बघितला होता, आणि मध्ये फक्त बाहेर जाणाऱ्यांच्या पायांवर उजेड पाडला होता. तो मधला भाग बघायचा म्हणून बारा वर्षं त्यांचा जीव अडकला होता.

कॉपी माझ्या टेबलावरून गेली. मग काकांनी ती बघितली. तिसऱ्या दिवशी, रविवारी, ते खुर्चीत बसले आणि अकरा मिनिटं बोलले. त्या अकरा मिनिटांनी कार्यक्रमाचं नाव झालं.

ते म्हणाले, या सिनेमात एक गोष्ट मी आजवर कुठे बघितली नाही. बायको निघून जाते, आणि पुढच्याच प्रसंगात ती याला सापडते. दार उघडत नाही. आणि त्यानंतर, ती सापडल्यानंतर, हा माणूस तिला शोधायला निघतो. वीस मिनिटं गावभर फिरतो, लोकांना तिचा फोटो दाखवतो. ती कुठे आहे हे त्याला माहीत आहे, तरी शोधतो. 'कारण सापडलेल्या माणसालाही शोधावं लागतं,' काका म्हणाले. 'उलट त्यालाच जास्त.' दारापाशी त्याची दाढी वाढलेली आहे आणि शोधायला निघतो तेव्हा गुळगुळीत, हेही त्यांनी दाखवून दिलं. म्हणाले, बघा, नव्या नजरेने शोधायला निघालाय, म्हणून दाढी केलीय.

पत्रांची पोती आली. काही लोकांनी ते वाक्य घरात लिहून लावलं. आणि दुसऱ्याचं कशाला सांगू, माझंच सांगते. तेव्हा माझं आणि नवऱ्याचं बोलणं मीठ संपलं, बिल भरलं, इतपतच उरलं होतं. तो रविवार आम्ही एकाच सोफ्याच्या दोन टोकांना बसून बघितला. सोमवारी संध्याकाळी मी बसमधून उतरले तर हा स्टॉपवर उभा. मी विचारलं, काय झालं, घरी सगळे ठीक आहेत ना? तो म्हणाला, काही नाही, आलो असाच. तेव्हापासून नऊ वर्षं तो असाच येतोय.

आता यंदाचं. दहाव्या सीझनला काकांनी ठरवलं की शेवटचा सिनेमा लोकांनी निवडायचा. लोकांनी अर्थातच चष्मेवाल्यांचा निवडला. आमची जुनी कॉपी फार ओरखडली होती, म्हणून साहेबांनी खुद्द चष्मेवाल्यांकडेच विचारणा केली. त्यांनी घरी जपून ठेवलेली कॉपी पाठवून दिली. सहा डबे, प्रत्येकात प्रसंगांची यादी, सुवाच्य अक्षरात.

मी एका वेळी एक डबा उघडत चौथ्या रिळावर आले. पट्टीवर चारचा आकडा होता, हाताने लिहिलेला नव्हे, लॅबनेच फिल्ममध्ये छापलेला. आणि त्या रिळात तो माणूस फोटो घेऊन गावभर फिरत होता. दाढी गुळगुळीत. मी मनात म्हटलं, बिचाऱ्यांनी म्हातारपणी डबे उलटसुलट केले. पाचवं लावलं. त्यात दार, आणि वाढलेली दाढी. यादीतही तसंच. शोध आधी, दार नंतर. दाढी सरळ शोधता शोधता वाढली होती, जशी कोणाचीही वाढेल.

मग मी कपाटातून आमची जुनी कॉपी काढली. चौथ्या रिळाची पट्टी उलगडली. तिच्यावर शाईने चार लिहिलेलं होतं, आणि चारच्या शेपटीला मी देते तसा वळसा होता. पाचव्यावर पाच, तेही माझंच. झिजलेल्या पट्ट्या काढून नव्या मीच जोडल्या होत्या. नोकरीतलं पहिलं वर्ष, साडेपाचची बस गाठायची घाई, दोन डबे एकदम उघडले असणार आणि आकडे झाकणांवरून उतरवले असणार. झाकणं कुठल्या डब्याची कुठली, हे बघितलं नसणार. त्याच झाकणांखाली मग रिळं नऊ वर्षं सुखाने पडून होती.

माझं धाबं दणाणलं. अख्ख्या गावाने ज्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या होत्या, ते दिग्दर्शकाने केलंच नव्हतं. ते माझ्या घाईने केलं होतं.

दोन दिवस मी मूग गिळून बसले. तिसऱ्या दिवशी बसस्टॉपवरून घरी चालताना नवऱ्याला सांगितलं. तो बराच वेळ हसला. हसून झाल्यावर म्हणाला, 'मग उद्यापासून यायचं बंद करू का?' मी म्हटलं, चेष्टा करू नकोस, काकांना कळलं तर त्यांचं काय होईल? तो गंभीर झाला. म्हणाला, काकांचं जे व्हायचं ते होईल, पण त्या चष्मेवाल्यांचं नऊ वर्षं काय होत असेल, याचा विचार केलास का?

खरं सांगते, केला नव्हता. मला लाज वाटली, आणि दुसऱ्या दिवशी मी काकांना टेबलापाशी बोलावलं.

काकांनी खुर्ची नको म्हटलं. उभ्यानेच छोट्या पडद्यावर चौथं रीळ बघितलं, मग पाचवं. मी राजीनाम्याची वाक्यं मनात जुळवत होते. दाराचा प्रसंग संपला तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला. मी म्हटलं, काका, चूक माझी आहे, मी साहेबांना लेखी देते.

'तुमची चूक दोन मिनिटांची आहे, बाई,' ते म्हणाले. 'मी अकरा मिनिटं बोललो. आणि त्या माणसाला एक फोन केला नाही. सगळ्या गावाला त्याचा सिनेमा समजावून सांगितला, आणि त्याला विचारलं नाही.'

साहेबांपुढे विषय गेला तेव्हा साहेबांनी आधी दार लावून घेतलं. त्यांचं म्हणणं होतं की जुनी कॉपीच लावावी. लोकांना तीच आवडते, त्यांनी निवडलीय तीही तीच. नऊ वर्षांत ते गृहस्थ काही बोलले नाहीत, आता कशाला बोलतील? उगाच स्वतःहून हसं करून घ्यायचं आणि दहा वर्षांचं नाव घालवायचं. पुढच्या सीझनला वर मंजुरी मिळायची आहे हेही त्यांनी ऐकवलं. काका शांतपणे म्हणाले की मग पुढच्या सीझनला दुसरा माणूस बघा, रविवारी मात्र सिनेमा जसा काढलाय तसाच लागेल, आणि काढणारा माझ्या शेजारी बसलेला असेल. साहेबांनी कपाळाला हात लावला. पण नाही म्हटलं नाही. त्यांच्या दोन-तीन शहाणपणाच्या कामांत मी हेही धरते.

चष्मेवाल्यांना बोलवायला मी स्वतः गेले. दुकान म्हणजे एक काउंटर आणि मागे काचा घासायचं यंत्र. सडपातळ, सत्तरीचे गृहस्थ, कपड्यांवर काचेची पांढरी पूड. मी माझी ओळख सांगितली आणि एका दमात सगळं कबूल केलं. ते रागावतील, निदान मान तरी फिरवतील असं वाटलं होतं. त्यांनी यंत्र बंद केलं आणि मला बसायला स्टूल दिलं.

म्हणाले, लोक दुकानात येतात. चष्मा राहतो बाजूला, सिनेमाबद्दल बोलतात. तिला सापडल्यावर शोधायचं हे तुम्हाला सुचलं कसं, असं विचारतात. मी मान हलवतो. काय करणार? मी ते केलंच नाही असं म्हटलं तर त्यांचा हिरमोड होतो, आणि केलं म्हटलं तर माझा.

मी विचारलं, मग कधी कळवलं का नाहीत? त्यांनी हातातली काच उजेडात धरली.

'बाई, माझा सिनेमा लोकांना बरा वाटतो की नाही, हे मला अजून माहीत नाही,' ते म्हणाले. 'तुमचा वाटतो, एवढं माहीत आहे. कळवलं असतं तर तुमचा गेला असता आणि माझा कोणी विचारला नसता. एकदा, एकाने जरी माझ्या सिनेमाबद्दल काही विचारलं तर पुरे आहे. पण ते मागून मिळतं का?'

त्या रविवारी मी कधी नव्हे ते प्रक्षेपणाच्या खोलीत जाऊन बसले. काचेपलीकडे स्टुडिओ, अलीकडे यंत्रं आणि आम्ही. चष्मेवाल्यांच्या पत्नी माझ्या शेजारी होत्या, मांडीवर पर्स घट्ट धरून. काकांनी आपली खुर्ची पाहुण्यांना दिली होती आणि स्वतः बाजूला एका साध्या स्टुलावर बसले होते.

दोन वाजले. मला वाटलं होतं, काका 'तांत्रिक कारणामुळे' वगैरे म्हणून वेळ मारून नेतील. मी तरी तेच केलं असतं. पण त्यांनी नमस्कार केला आणि सरळ सांगितलं की नऊ वर्षांपूर्वी या सिनेमाचं पाचवं रीळ चौथ्याआधी लागलं. आमच्याकडून लागलं. लागलं ते लागलं, पण मी ते ओळखलं नाही. या माणसाची दाढी शोधता शोधता वाढली होती, आणि मी तुम्हाला सांगितलं की त्याने नव्या नजरेसाठी दाढी केली. इथे कॅमेरामन हसला, काकाही हसले. मग म्हणाले, 'जे मी तुम्हाला सांगितलं ते या सिनेमात नाही. ते खोटं होतं असं मी म्हणत नाही, तुमच्यातल्या कितीतरी जणांच्या ते उपयोगी पडलं. पण ते यांचं नव्हतं. यांचं काय आहे ते मला अजून नीट कळलेलं नाही, म्हणून आज मी काही समजावणार नाही. तुमच्याबरोबर बसून बघतो.'

एवढंच. दीड मिनिट. अकरा मिनिटं बोलून त्यांनी जे कमावलं होतं, ते दीड मिनिटात टेबलावर ठेवून दिलं. मी कितीतरी सूत्रसंचालक बघितलेत, स्वतःचं नाव चुकीचं उच्चारलं तरी कागदावर खापर फोडणारे. माझं नाव त्यांनी घेतलं नाही, कोणाचंच घेतलं नाही. 'आमच्याकडून' म्हणाले.

सिनेमा सुरू झाला. चौथं रीळ लागायच्या आधी मी पट्टीवरचा आकडा वाकून बघितला. आकडा मी सकाळपासून चारदा तपासला होता, तरी. पडद्यावर तो माणूस फोटो दाखवत फिरायला लागला आणि चष्मेवाल्यांच्या पत्नी हळूच बोलायला लागल्या.

नऊ वर्षांपूर्वी त्या दोघांनी घरीच बघितला होता. तिसऱ्या रिळानंतर एकदम दार आलं, आणि हे ताडकन उठले. घरी फोन नव्हता, खालच्या मजल्यावर होता. इथे फोन करून सांगायचं म्हणून हे जिना उतरायला लागले. रविवारची दुपार, सगळ्यांची दारं उघडी. पहिल्या दारातून यांचाच संवाद ऐकू आला. पुढच्या दारातून त्याच्या पुढचं वाक्य. हे एक-एक पायरी उतरत होते आणि प्रत्येक घरात यांचा सिनेमा चालू होता. खालच्या दारात पोचले तर आतले सगळे पडद्याकडे बघत बसलेले. यांना बघून कोणी मानसुद्धा वळवली नाही. हे तसेच वर आले.

'मला म्हणाले, क्रम चुकलाय. मी म्हटलं, अहो, बसा. लोक बघतायत.'

त्या पुढे म्हणाल्या की थेटरात तो बरोबर क्रमाने लागला होता, पण तेव्हा शेवटपर्यंत आम्ही दोघंच होतो. आम्ही दोघं आणि दारातला तो माणूस. सगळ्यांना दार उघडून देत होता, पण स्वतः गेला नाही. मी काचेतून काकांकडे बघितलं. बाईंना विचारायची गरज नव्हती.

पाचवं रीळ. दार. आता गंमत अशी की हा प्रसंग मी पंचवीस वेळा तरी बघितला असेल, पण शोधून थकलेला माणूस त्या दारापाशी पोचलेला मी पहिल्यांदाच बघत होते. याआधी तो दारापाशी आला की वाटायचं, जाऊ दे, पुढे शोधेल. आता पुढे काही नव्हतं. तो मागे वळला आणि सहावं रीळ लागलं, घरी आला, दिवा लावला, संपलं. आमच्या चुकीने त्या सिनेमाला एक दिलासा जोडला गेला होता, जो या माणसाने दिला नव्हता. खरा सिनेमा साधा होता आणि जास्त दुखणारा होता. लोकांना तो आवडेल याची मला अजिबात खात्री वाटेना.

फोनची पंधरा मिनिटं सुरू झाली, आणि फोन वाजेना.

हे दहा वर्षांत कधी झालं नव्हतं. एरवी शेवटची अक्षरं पडद्यावर असतानाच सगळ्या लाइनी लागलेल्या असायच्या. एक मिनिट गेलं. काका काही बोलले नाहीत, वेळ भरून काढायला एक शब्दही नाही. नुसते पाहुण्यांच्या शेजारी बसून राहिले. चष्मेवाले आपल्या बोटांकडे बघत होते. माझ्या बाजूला साहेब उभे राहून मनगटावरचं घड्याळ दाखवायला लागले, म्हणजे आवरा, निरोप घ्या. शेजारच्या बाईंनी पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळला. मला वाटलं, संपलं, आपण या माणसाचं दुसऱ्यांदा वाटोळं केलं.

आणि समोरच्या फोनच्या फळीवर दिवा लागला. एक लाइन.

एका बाईंचा आवाज होता, वयस्कर, जरा खरखरीत. नमस्कार नाही, नाव नाही. नऊ वर्षांपूर्वीचं नाही, क्रमाचं नाही, काकांच्या चुकीबद्दलही अवाक्षर नाही.

'मला एवढंच विचारायचंय,' त्या म्हणाल्या. 'ती दारापर्यंत आली होती. आतून तिच्या पावलांचा आवाज आला, मी ऐकला. मग तिने उघडलं का नाही?'

काकांनी उत्तरासाठी तोंड उघडलं, सवयीनेच, आणि मिटलं. त्यांनी समोरचा मायक्रोफोन उचलून चष्मेवाल्यांच्या पुढे ठेवला. माझ्या समोरच्या फळीवर एकामागून एक बाकीचे दिवे लागत होते आणि साहेबांनी घड्याळ दाखवणारा हात खाली घेतला होता.

चष्मेवाले खुर्चीत जरा पुढे सरकले.

'सांगतो,' ते म्हणाले.